कलाकृतीवर धातूचा मुलामा: तांबं, जुनी चांदी, थोडं सोनं आणि कोकणातली हवा

मृण्मयी_रेषा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनचं काम करते. गुहागरजवळच्या एका होमस्टेच्या पडवीसाठी भिंतीवरचं मोठं म्युरल करायचं काम आलंय, साधारण आठ फूट बाय चार फूट. खालून वर चढत जाणारं झाड अशी कल्पना आहे. खोड आणि फांद्या लेझरने कापलेल्या लोखंडी पत्र्याच्या, मधल्या गाठी थ्रीडी प्रिंट केलेल्या, काही पानं ओतीव पितळेची आणि काही चक्क खरी, म्हणजे पिंपळ, फणस आणि आंब्याची पानं सुकवून त्यांच्यावर तांबं चढवायचं. खोड जुन्या चांदीसारखं काळपट हवंय, पानं तांब्याची आणि मोजक्या पानांवर सोन्याची झाक.

प्लेटिंगवाल्यांकडे चौकशी सुरू केली. एकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती मायक्रॉन?" दुसरे म्हणाले, "लोखंड आणा, पितळ आणा, प्लास्टिक आणा, सगळं एकाच टाकीतून काढून देतो." हे दुसरं ऐकून मला धाकधूक वाटतेय. मालकांचा आग्रह आहे की काम निदान आठ-दहा वर्षं तसंच दिसावं, आणि पडवीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

तर विचारायचं असं, की हे सगळं एकाच पद्धतीने होतं का? मायक्रॉनचं गणित काय असतं? आणि खाऱ्या हवेत हे टिकेल का? इथे या क्षेत्रातले जाणकार आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढला.

भोसरीकर

मृण्मयीताई, ज्यांनी "किती मायक्रॉन" विचारलं त्यांच्याकडे जा. दुसऱ्यांकडे नको.

माझा भोसरीत प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. बहुतेक काम गाड्यांच्या भागांचं, पण शिल्पकार आणि इंटिरियरवाले आले की मी मुद्दाम वेळ काढतो, कारण ते काम मला मनापासून आवडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या झाडात चार वेगळे पाये आहेत: लोखंड, ओतीव पितळ, प्लास्टिक आणि सुकं पान. चौघांची पूर्वतयारी चार तऱ्हांची. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला की लगेच लाल व्हायचा, आठवतं? तेच तांबं बोटाने पुसून निघायचं. आम्लातल्या तांब्याच्या बाथमध्ये, म्हणजे मोरचूद आणि गंधकाम्लाच्या टाकीत, लोखंड थेट सोडलं तर हेच होतं. वीज सुरू व्हायच्या आतच लोखंड स्वतः विरघळून तांब्याला जागा देतं आणि वर भुसभुशीत थर बसतो. त्यावर पुढे कितीही सुंदर काम करा, पोपडे निघणारच. म्हणून लोखंडावर आधी सायनाइड कॉपरचा किंवा निकेलचा पातळ हात द्यावा लागतो. त्याला आम्ही स्ट्राइक म्हणतो. जस्ताच्या डायकास्ट, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेल्या, वस्तूंचंही तसंच, कारण जस्त आम्लात अजून लवकर खाल्लं जातं. प्लास्टिक आणि पान तर वीजच वाहत नाहीत, त्यांना आधी वाहक करावं लागतं. मग "सगळं एकाच टाकीतून" कसं काढणार?

स्ट्राइकच्याही आधीची पायरी खरी महत्त्वाची. ग्रीस काढणं, धुणं, आम्लात बुडवणं, पुन्हा धुणं. जॉब पाण्यातून वर काढला की आमचा जुना कारागीर तो उजेडाकडे तिरका धरतो आणि नुसतं बघत राहतो. पाण्याचा पडदा कडेपासून कडेपर्यंत सलग राहिला तर माल टाकीत जातो. कुठे जरी पाणी फाटलं, थेंब-थेंब होऊन मागे सरलं, तर तिथे अजून तेल आहे. बोटाचा एक ठसाही त्या पडद्यात दिसतो. तुम्ही कुठल्याही कारखान्यात गेलात तर ही एक गोष्ट उभं राहून बघा. हे बघणारा माणूस तिथे असेल तर बिनधास्त काम द्या.

आता मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १ अँपिअर वीज १ तास वाहिली की मोरचुदाच्या बाथमधून सुमारे १.१९ ग्रॅम तांबं चढतं. आम्ही क्षेत्रफळ चौरस डेसिमीटरमध्ये मोजतो, म्हणजे १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर. तेवढ्या जागेवर २ अँपिअर दिले तर तासाला साधारण २६ मायक्रॉन थर बसतो. पण हा आकडा सरासरी झाला. वीज टोकांवर आणि कडांवर गर्दी करते, खोलगट जागी कमी पोचते. पानाच्या टोकावर ४० मायक्रॉन आणि देठाच्या बेचक्यात १० असं सहज होतं. म्हणून ऑर्डर देताना "सरासरी अमुक" असं न म्हणता "दिसणाऱ्या भागावर कमीत कमी अमुक मायक्रॉन" असं लिहून द्या.

समुद्राच्या हवेबद्दल रात्री लिहितो, तो मोठा विषय आहे.

कासारआळी

उत्तम प्रतिसाद, भोसरीकर. वाचनखूण साठवली.

मृण्मयी, टाकीची लांबी-रुंदी-खोली विचारायला विसरू नका. आठ फुटी फांदी मावेल अशी चांदीची टाकी शोधत बसण्यापेक्षा फांद्या तुकड्यांत करा. तुमच्या गाठी आहेतच, सांधे त्यांच्याखाली झाकले जातील.

मृण्मयी_रेषा

भोसरीकरदादा, खूप आभार! पाणी फाटण्याची परीक्षा मला कुणीच सांगितली नव्हती. कासारआळी, गाठींखाली सांधे ही कल्पना फारच आवडली, रेखाटन त्याप्रमाणे बदलतेय.

खऱ्या पानांबद्दल कुणी सांगेल का? ते घरी करता येतं असं व्हिडिओंमध्ये दाखवतात.

हुपरीची_सून

ताई, पानांचं मी सांगते. आमच्या घरात चांदीचं काम पिढ्यान्‌पिढ्या आहे, मी त्यात इलेक्ट्रोफॉर्मिंगची भर घातली. पिंपळपानाची लोलकं, शेंगा, बकुळीची फुलं असं करते.

पहिली गोष्ट, हे काम मुलाम्यापेक्षा वेगळं आहे. मुलाम्यात खालची वस्तू भार घेते आणि वरचा धातू नुसती त्वचा असतो. पानाच्या बाबतीत उलटं आहे. पान नाजूक, म्हणून तांब्याचा थर स्वतःच्या ताकदीवर उभा राहील इतका जाड लागतो. मी १०० मायक्रॉनच्या खाली जात नाही, भिंतीवरच्या कामाला १५० तरी धरा. आणि वीज कमी ठेवायची. चौरस डेसिमीटरला १ अँपिअर दिला तर तासाला १३ मायक्रॉनच्या आसपास चढतं, म्हणजे १०० मायक्रॉनला सात-आठ तास. घाईत वीज वाढवली की कडांवर खरखरीत दाणे उठतात, पान करपल्यासारखं दिसतं.

पान पूर्ण सुकलेलं हवं. वर्तमानपत्रात, वजनाखाली, कागद बदलत. आत ओल राहिली तर पुढे थराखाली फोड येतात. मग स्पिरिटचा हलका हात पुसून घ्यायचा, कारण आंब्याच्या आणि फणसाच्या पानावर मेणचट तकाकी असते, तिच्यावर काही टिकत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी पातळ लॅकर, आणि लॅकर वाळल्यावर वाहक रंग. ग्रॅफाइटचा चालतो, तांब्याच्या भुकटीचा त्याहून बरा, चांदीचा सर्वांत छान पण महाग. रंग जाड दिला की शिरा बुजतात. पिंपळाची सारी शोभा शिरांत असते, म्हणून मी एअरब्रशने देते.

देठाला तांब्याची तार बांधायची आणि तिथेही रंगाचा ठिपका द्यायचा. टाकीत सोडल्यावर बघत बसण्यासारखं असतं. तारेजवळ गुलाबी डाग उमटतो, मग तो मधल्या शिरेवरून हळूहळू पुढे सरकतो, शेवटी टोकाला पोचतो. ग्रॅफाइटवर हे सावकाश होतं. संपूर्ण पान गुलाबी झाल्याशिवाय वीज वाढवायची नाही.

पिंपळाची जाळी झालेली पानंही घेऊन बघा. जाळीतून पाठीमागची भिंत दिसते, प्रकाश छान खेळतो. फणसाचं पान मात्र जाड आणि भरीव, ते झाडाच्या खालच्या बाजूला शोभेल असं मला वाटतं.

रसायनशाळा

पानांच्या घरगुती टाकीबद्दल बोलणं निघालंय म्हणून लिहितो. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हे अगदी कळकळीने सांगतोय.

मोरचूद आणि गंधकाम्लाची टाकी हवेशीर जागी, हातमोजे आणि चष्मा घालून, मुलंबाळं आणि स्वयंपाकघर यांपासून लांब, अशी एखादी कलाकार चालवू शकते. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. पण चांदी, सोनं आणि पितळेच्या मुलाम्याचे नेहमीचे बाथ सायनाइडचे असतात. त्यात आम्लाचा अंश गेला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जीव घेतो. क्रोमच्या जुन्या पद्धतीतलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. ही कामं परवानगी असलेल्या कारखान्यातच. इंटरनेटवर कुणी स्टेनलेस स्टीलचा तुकडा ॲनोड (विजेचं धन टोक) म्हणून मिठाच्या पाण्यात लावायला सांगत असेल तर तेही करू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं.

आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. तांबं माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना फार थोड्या प्रमाणातही घातक आहे. धुण्याचा सोडा थोडा-थोडा घालत गेलं की फेस येऊन निळा-हिरवा साका खाली बसतो. तो साका गोळा करून, ज्यांच्याकडे घातक कचऱ्याची अधिकृत सोय आहे अशा कारखान्याला द्या. प्लेटिंगचा धंदा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल वर्गात उगाच टाकलेला नाही.

भोसरीकर

रसायनशाळा सरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि सायनाइडची आणि आम्लाची टाकी शेजारी-शेजारी ठेवत नाही.

आता कोकणातली हवा. मृण्मयीताई, माझं स्पष्ट मत आहे: खोडाचा लोखंडी पत्रा बदला.

कारण सांगतो. लोखंडावर जस्त चढवलं तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. तांबं, निकेल आणि चांदी यांचं तसं नाही. ते लोखंडापेक्षा वरच्या प्रतीचे धातू. जोवर थर अखंड आहे तोवर ठीक, पण त्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं आणि खारट ओल आत गेली, की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. तीत झिजायचं काम लोखंडाकडे येतं. मोठा तांब्याचा पृष्ठभाग आणि इवलासा उघडा लोखंडाचा ठिपका, म्हणजे सगळा हल्ला त्या ठिपक्यावर. मुलामा न दिलेला पत्रा सगळीकडे सावकाश गंजेल, मुलामा दिलेला त्या ठिपक्यातून आत पोखरत जाईल. लेझरने कापलेल्या कडा तर आणखी धोक्याच्या, कारण तिथे थर नीट धरत नाही. ओल आलेल्या भिंतीला वरून रंग देऊन उपयोग नसतो, तसंच हे.

खोड पितळी पत्र्याचं करा. पितळेवर निकेलचा थर, त्यावर चांदी, मग गंधकाच्या द्रावणात काळी करून उंचवटे बफने, म्हणजे घासून चमकवणाऱ्या कापडी चाकाने, पुन्हा उजळायचे. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचा जो रंग असतो तोच येतो. उद्या कुठे छिद्र पडलंच तर खाली पितळ आहे, लाल गंजाचे ओघळ भिंतीवर येणार नाहीत. पत्र्याचा खर्च वाढेल, मान्य. पण लोखंडावर जाड थर, दोनदा बफिंग, वर पुन्हा दुरुस्ती हे सगळं धरलं तर फरक वाटतो तेवढा राहत नाही.

जहाजी

+१. रत्नागिरीकडे राहतो. इथे दाराच्या क्रोम केलेल्या कड्या दोन पावसाळ्यांत ठिपके धरतात. भोसरीकर म्हणतात तेच कारण.

मृण्मयी_रेषा

हे वाचून पत्र्याची ऑर्डर थांबवली. मालकांशी बोलते.

एक शंका. स्टेनलेस स्टीलचा पत्रा घेऊन त्यावर सोनेरी, गुलाबी, काळा असे रंग मिळतात, हॉटेलांच्या लिफ्टमध्ये बघितलेत. ते प्लेटिंगच ना?

पोकळी

नाही, ते बहुधा पीव्हीडी असतं. निर्वात कोठीत धातूची वाफ किंवा कण करून पत्र्यावर बसवतात. सोनेरी रंग बऱ्याचदा टायटॅनियम नायट्राइडचा असतो, त्यात सोनं नावालाही नाही. फार कठीण थर, ओरखड्याला दाद देत नाही, आणि द्रवातला कचरा जवळजवळ नसतो. पण जाडी एखाद-दोन मायक्रॉनच्या घरात असते, त्यामुळे खालचा पत्रा जसा आहे तसाच दिसतो. ब्रश मारलेला असेल तर ब्रशच्या रेघा, आरसा असेल तर आरसा. समुद्राजवळ घ्यायचाच असेल तर ३१६ प्रतीचं स्टील घ्या, ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी ठिपके येतात.

तुमच्या झाडाला मात्र मला ते रुचणार नाही. पीव्हीडीचा रंग सगळीकडे एकसारखा असतो, जुन्या चांदीत जी सावली खोबणीत साठते ती त्यात नाही.

निर्वात पद्धतीची कमाल बघायची तर जेम्स वेब दुर्बीण बघा. बेरिलियमच्या आरशांवर १०० नॅनोमीटर जाडीचं सोनं, सुमारे २५ चौरस मीटरवर, आणि एकूण सोनं फक्त ४८ ग्रॅमच्या आसपास.

हुपरीची_सून

पोकळी, छान उदाहरण. आमच्याकडचा हिशेब असा: एका चौरस डेसिमीटरवर १ मायक्रॉन सोनं म्हणजे ०.१९३ ग्रॅम. बाजारातल्या नुसत्या झाकेच्या मुलाम्यात ०.१ ते ०.२ मायक्रॉनच असतो. भिंतीवरच्या पानाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे पाव ते अर्धा मायक्रॉन पुरेल. मृण्मयीताई, तुमच्या मोजक्या पानांना सोनं परवडेल, घाबरू नका.

पण तांब्यावर किंवा पितळेवर सोनं थेट चढवू देऊ नका. खालचं तांबं आणि जस्त हळूहळू वर सरकत सोन्यात मिसळतं आणि रंग लालसर-मळकट होत जातो. मधे निकेलचा थर अडसर म्हणून हवा. सोन्याची चमकही खरं म्हणजे त्या निकेलचीच असते. खाली निकेल मॅट असेल तर सोनं शांत दिसतं, चकचकीत असेल तर झळाळतं. हे आधी ठरवून सांगा, नंतर बदलता येत नाही.

अंगठी_बोटातली

विषयांतराबद्दल क्षमस्व. दागिन्यातही मधे निकेल चालतं का? माझ्या कानाला खाज सुटते.

हुपरीची_सून

@अंगठी_बोटातली, कानात घालायच्या वस्तूला मी निकेल वापरत नाही. पांढरं ब्राँझ म्हणजे तांबं-कथील-जस्त, किंवा पॅलेडियम, हे पर्याय आहेत. युरोपात अंगाला सतत लागणाऱ्या दागिन्यांतून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. विकत घेताना "निकेल-फ्री" असं बिलावर लिहून मागा.

बर्मिंगहॅमचा_बाळ्या

धागा आवडला. मी राहतो त्या शहराचं या विषयाशी जुनं नातं आहे, म्हणून थोडा इतिहास.

विजेने सोनं चढवण्याचा पहिला प्रयोग इटलीत लुइजी ब्रुन्यातेल्लीने १८०५ मध्ये केला, व्होल्टाच्या बॅटरीवर. पण धंदा उभा राहिला तो इथे बर्मिंगहॅममध्ये. १८४० साली जॉन राइट या डॉक्टरला पोटॅशियम सायनाइडचं द्रावण सापडलं, जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी ते विकत घेऊन पेटंट केलं. त्याच सुमारास, १८३८ मध्ये, मोरिट्झ याकोबीने सेंट पीटर्सबर्गला इलेक्ट्रोटायपिंग दाखवलं, म्हणजे साच्यात तांबं वाढवून हुबेहूब नक्कल काढायची. हुपरीची_सून करतात त्याचं हे मूळ. पुढे एल्किंग्टन कंपनीने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियमसाठी, युरोपातल्या नामांकित चांदीकामाच्या अशा कितीतरी नकला केल्या. त्या तिथे आजही बघायला मिळतात आणि जवळून पाहूनही नक्कल वाटत नाहीत.

त्याआधी सोनं चढायचं ते पाऱ्यातून. सोन्याचा पाऱ्याशी लगदा करायचा, वस्तूवर फासायचा आणि भट्टीत पारा उडवायचा. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चर्चचा घुमट असाच मढवला, आणि पाऱ्याच्या वाफेने सुमारे ६० कामगार गेले असं सांगितलं जातं. त्याच चर्चवरच्या काही मूर्ती याकोबीच्या नव्या पद्धतीने घडवल्या. एका इमारतीवर दोन्ही पद्धती आहेत, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

आणि ऑस्करची बाहुली: २०१६ पासून ती ब्राँझमध्ये ओततात आणि ब्रुकलिनच्या एका कारखान्यात तिच्यावर २४ कॅरट सोनं विजेने चढवतात. त्याआधी ती ब्रिटानिया या कथलाच्या मिश्रधातूची असायची.

थर_थर

थ्रीडी प्रिंटबद्दल राहिलंच. मृण्मयी, गाठी पीएलएच्या, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या, करणार असाल तर थांबा. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि निकेलचा बाथ ४५ ते ६० अंशांवर चालतो. वर तांब्याचा थर पातळ असेल तर गाठ आतून वाकते, भेग पडते. एक तर रेझिनमध्ये प्रिंट करा, किंवा पीएलएवर साध्या तापमानाच्या मोरचुदाच्या बाथमध्ये भरपूर तांबं चढवून तिथेच थांबा आणि काळा रंग तांब्यावरच आणा.

दुसरं, प्रिंटच्या आडव्या रेघा. मुलामा त्या झाकत नाही, उलट चमक आली की जास्त उठून दिसतात. फिलर प्रायमर, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणं. हाताने चाचपून गुळगुळीत वाटेपर्यंत नाही, तिरक्या उजेडात रेघ दिसेनाशी होईपर्यंत. आणि गाठ पोकळ असेल तर तिला खाली भोक ठेवा किंवा पूर्ण बंद करा. अर्धवट फट राहिली तर बाथमधलं पाणी आत जातं आणि महिन्यांनी पाझरतं.

गाड्यांच्या क्रोमच्या जाळ्या असतात ते एबीएस नावाचं टणक प्लास्टिक, त्याची रीत वेगळी. आम्लाने पृष्ठभागाला सूक्ष्म खड्डे पाडून पॅलेडियमचे कण बसवतात, मग विजेविना निकेल चढतं. मोठ्या संख्येच्या कामाला ती छान, तुमच्या एवढ्याशा गाठींना वाहक रंगच बरा.

भोसरीकर

थर_थर यांनी पाझरण्याचं सांगितलं ते ओतीव पितळेलाही लागू. ओतकामात बारीक छिद्रं असतील तर बाथचा द्रव त्यांत दडून बसतो. माल देताना चकाचक, आणि पहिल्या पावसाळ्यात पांढरे-हिरवे ठिपके. पानं ओतून आली की बफ मारण्याआधी भिंगाखाली बघा, छिद्राळ असतील ती परत करा. प्लेटिंगवाल्याला प्रत्येक टाकीनंतर नीट धुऊन शेवटी गरम पाण्यात घोळवायला सांगा.

दीपमाळ

इथले जाणकार पाहून विचारते. आजेसासूबाईंची पितळी समई आहे, तिच्यावर हाताने कोरलेली वेलबुट्टी आहे. काळवंडलीय. एका दुकानदाराने सोन्याचं पाणी चढवून देतो म्हटलंय. करू का? आणि त्याच्याकडेच तांब्याची पातेलीही कल्हईऐवजी निकेल करून देतो म्हणतो.

कासारआळी

दीपमाळताई, दोन्हीला नाही म्हणा.

मुलाम्याआधी बफ मारतात. यंत्राचा बफ पहिल्यांदा खातो ते कोरीवकामाच्या धारा. वेलबुट्टी गुळगुळीत होईल आणि ती परत येणार नाही. आमच्या तांबट आळीतल्या मठारकामाचंही असंच आहे. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला एक बारीक कड असते आणि त्या कडेवर उजेड अडतो. बफने ती गेली की भांडं नुसतं खड्ड्याखड्ड्यांचं दिसतं. तुमची समई चिंच, मीठ आणि मऊ फडक्याने हलक्या हाताने साफ करा, लगेच धुऊन कोरडी पुसा. खोबणीतला काळा रंग राहू द्या, त्यानेच नक्षी वाचता येते.

पातेल्याला कल्हईच. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील कापसाने फिरवतात, ते जेवणाच्या भांड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. शोभेचा मुलामा दिलेल्या भांड्यात शिजवायचं नाही, आंबट तर मुळीच नाही.

दीपमाळ

मनापासून आभार. आजच त्यांना नको म्हणून कळवते.

जहाजी

मृण्मयीताई, वर लॅकर द्यायचं की नाही तेही ठरवा. इथल्या हवेत उघडं तांबं लवकर काळवंडतं आणि पुढे हिरवं पडतं.

हुपरीची_सून

पानांना लॅकर हवंच, आणि चांदीलाही. बेन्झोट्रायझोल (तांब्याचं काळवंडणं रोखणारं रसायन) मिसळलेलं ॲक्रिलिक लॅकर तांब्यासाठी चांगलं. ते पुढे काढून पुन्हा देता येतं. पॉलियुरेथेन जास्त टणक, पण खराब झालं की सोलून काढताना मुलामाही दुखावतो. काही पानं मुद्दाम हिरवी होऊ दिली तर? झाडाच्या खालच्या, पावसाची झड लागणाऱ्या बाजूला. मला ती कल्पना सुंदर वाटते.

मृण्मयी_रेषा

सगळ्यांचे किती आभार मानू! मालकांशी बोलणं झालं. खोड पितळी पत्र्याचं ठरलं, तुकड्यांत, सांधे गाठींखाली. गाठी रेझिनमध्ये प्रिंट करून तांब्याच्या आणि मग काळ्या. खरी पानं हुपरीच्या ताईंच्या पद्धतीने, पण टाकी मी घरी लावणार नाही, ज्यांची सोय आहे त्यांच्याकडेच करून घेणार. तीन पिंपळपानांना लॅकर न देता पडवीच्या उघड्या कडेला लावायचं, मालकांनाही ते पटलं.

सोन्याचं एक विचारायचंय. अर्धं पान सोनेरी, अर्धं तांब्याचं, अशी एका शिरेवर थांबणारी कड मिळेल का?

भोसरीकर

मिळेल. उरलेल्या अर्ध्या भागावर स्टॉप-ऑफ लॅकर लावतात, तिथे धातू चढत नाही, नंतर सॉल्व्हंटने काढून टाकतात. कड शिरेवरच यायला हवी असेल तर ते लॅकर तुम्ही स्वतः ब्रशने लावा, कारखान्यातला माणूस सरळ टेप मारेल. फक्त आधी विचारून घ्या की त्यांच्या बाथमध्ये कुठलं लॅकर चालतं, नाहीतर ते बाथमध्ये विरघळून सगळी टाकी खराब होते. पर्याय म्हणून ब्रश प्लेटिंग आहे: ॲनोडला द्रावणात भिजलेला बोळा गुंडाळतात आणि हवं तिथेच फिरवतात. एखाद्या पानाला ते सोयीचं.

अजून एक. प्रत्येक तुकड्याला टांगायला हूक लागतो आणि हूक लागतो तिथे खूण राहते. ती जागा तुम्ही ठरवा, मागच्या बाजूला ३ मिलिमीटरचं भोक पाडून चित्रावर बाण काढून द्या, म्हणजे तेच भोक पुढे भिंतीवर बसवायलाही येईल. आणि खोडाच्याच पत्र्याचे हातभर तुकडे चार-पाच जास्त कापून घ्या. त्यांच्यावर आधी काळपटपणा कमी-जास्त करून बघा, पसंत पडलेल्या तुकड्यावर सही करून एक कारखान्यात ठेवा आणि एक तुमच्याकडे. माल ताब्यात घेताना तो तुकडा दिवसाच्या उजेडात शेजारी धरून जुळवायचा, ट्यूबलाइटखाली नाही.

मृण्मयी_रेषा

नोंद केली. तुकडे उद्याच कापायला देते. रंग जुळला की इथे फोटो टाकते.